एकच अल्बम, पाच प्रकारचे ऐकणारे: ग्राहकाचं मत वाचायचं कसं?



व्हिडिओत वेळेअभावी जे राहून गेलं, ते इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी हरकत नाही, हा लेख स्वतंत्रपणे वाचता येईल. फक्त हातात वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात मसाल्यापासून करू, मग गाण्याकडे जाऊ.

कराडकडच्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. घरगुती कांदा-लसूण मसाला करून विकतात. गावाकडचं गिऱ्हाईक पक्कं होतं. एका वर्षी त्यांनी पुण्यातल्या प्रदर्शनात स्टॉल लावला, माल चांगला खपला. आठवडाभरात दोन मेसेज आले. पुण्याच्या एका बाईंचा: मसाला चवीला छान आहे, पण फार तिखट, मुलं खात नाहीत. आणि गावाकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा: औंदा मसाल्याला पूर्वीसारखा जोर नाही. गंमत बघा. मिरची तीच, कांडप तेच, एकाच दिवशी कुटलेला माल. ताई मला म्हणाल्या, "सर, आता मी ऐकू कुणाचं?"

मी उत्तर देईपर्यंत ताईंनी स्वतःच मार्ग काढला होता. दोघांचं थोडं थोडं ऐकलं. संकेश्वरी मिरची कमी केली, ब्याडगी वाढवली, रंग राखला, तिखटपणा मध्यम केला. झालं काय? पुण्याच्या लोकांना तो तरीही तिखटच लागला आणि गावाकडची चार घरं दुसरीकडे गेली. मधला मार्ग काढायला गेलं आणि दोन्हीकडचं गिऱ्हाईक हललं.

ही चूक आपण सगळेच करतो. दहा जणांची मतं येतात, आपण त्यांची मनातल्या मनात सरासरी काढतो आणि त्या सरासरीप्रमाणे माल बदलतो. सरासरी काढायला सोपी असते, पण सरासरी नावाचं गिऱ्हाईक दुकानात कधी येत नाही!

मग मतं वाचायची कशी? यासाठी मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण धंद्यातलं नाहीच, गाण्यातलं आहे. अमेरिकेतला गायक-गीतकार जॉन मेयर आणि त्याचा 2006 साली आलेला 'कंटिन्युअम' हा अल्बम.

माणूस कोण आणि त्याने बदललं काय?

जॉन मेयरचा जन्म 1977 चा, कनेक्टिकट राज्यातला. किशोरवयात एका शेजाऱ्याने त्याला स्टीव्ही रे वॉन या टेक्सासच्या ब्लूज गिटारवादकाची कॅसेट दिली आणि पोरगा ब्लूजच्या नादी लागला.

ब्लूज म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय लोकांचं हे संगीत. गुलामी संपली तरी कष्ट आणि अपमान संपले नव्हते, त्या काळात ते घडलं. आराखडा बहुतेक वेळा साधा आणि ठरलेला, तीन-चार स्वरमेळांचा. गायक एक ओळ म्हणतो आणि गिटार तिला उत्तर देते, भजनात बुवांनी ओळ म्हणावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी तसं. आवाजात थोडी खरखर, स्वर किंचित वाकवलेला. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे सोसलेल्या माणसाचं गाणं आहे.

मेयर मात्र प्रसिद्ध झाला तो वेगळ्याच गाण्यांवर. 1999 मध्ये त्याने एक छोटी सीडी स्वतःच काढली. 2001 चा 'रूम फॉर स्क्वेअर्स' गाजला. गोड आवाज, अकूस्टिक गिटार, कॉलेजातल्या मुलामुलींना आवडतील अशी प्रेमाची गाणी. 2003 चा 'हेवियर थिंग्ज' तर अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातल्या 'डॉटर्स' या गाण्याला 2005 साली 'साँग ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं.

आता विचार करा. मालाला उठाव आहे, बक्षिसं मिळताहेत, गिऱ्हाईक खूश आहे. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय करू? तोच माल, त्याच पाकिटात, अजून दहा वर्षं विकू. मेयर वळला तो मूळ आवडीकडे, म्हणजे ब्लूजकडे. आपल्याकडे एखादा भावगीतगायक ऐन लोकप्रियतेत असताना नाट्यसंगीताकडे वळला, तर जुने श्रोते जसे बिचकतील, तसाच हा प्रकार होता.

आधी छोटी बॅच

इथे पहिला धडा आहे. मेयरने थेट मोठा अल्बम काढला नाही. 2005 मध्ये त्याने तीन माणसांचा गट केला, 'जॉन मेयर ट्रायो'. ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन, बेस गिटारवर पिनो पॅलाडिनो, गिटार आणि गाणं स्वतः. दोघेही त्याच्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे. जॉर्डनने कीथ रिचर्ड्सबरोबर काम केलेलं, पॅलाडिनो 'द हू'बरोबर वाजवणारा. आपल्याला येत नाही ते ज्यांना येतं, त्यांना त्याने सोबत घेतलं.

त्या गटाने मैफिली केल्या आणि शिकागोच्या एका मैफिलीचं थेट रेकॉर्डिंग 2005 च्या नोव्हेंबरमध्ये 'ट्राय!' या नावाने बाजारात आणलं. नावच बघा, 'ट्राय!' म्हणजे करून बघा! त्यात जिमी हेंड्रिक्स आणि रे चार्ल्सची गाणी होती, 'डॉटर्स'सारखं स्वतःचं जुनं गाणंही होतं आणि 'ग्रॅव्हिटी' आणि 'व्हल्चर्स' ही दोन नवी गाणी होती. हीच दोन गाणी पुढे 'कंटिन्युअम'मध्ये स्टुडिओत नीट बसवून आली.

आपल्या भाषेत सांगायचं तर पन्नास किलोचा घाट घालण्याआधी पाच किलो करून बघितलं. लोकांसमोर ठेवलं, त्यांचे चेहरे बघितले, मग मोठी ऑर्डर दिली.

'कंटिन्युअम' 12 सप्टेंबर 2006 रोजी आला. बारा गाणी. निर्मिती मेयर आणि स्टीव्ह जॉर्डन या दोघांची. त्याच दिवशी जस्टिन टिंबरलेकचा बहुचर्चित अल्बम बाजारात आला, त्यामुळे मेयर दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पण पहिल्याच आठवड्यात जवळपास 3 लाख प्रती खपल्या. आणि मग मतं यायला लागली.

ऐकणारे काय म्हणाले?

या अल्बमबद्दल ऐकणारे जे म्हणत आले आहेत, त्याचे मी पाच गट केलेत. प्रत्येक गट वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा: हा माणूस तुलना कशाशी करतोय?

1. जुना चाहता. त्याला आधीच्या दोन अल्बममधला हसरा, खेळकर मेयर हवा होता. त्याचं म्हणणं, हा अल्बम संथ आहे, उदास आहे, एका गाण्यातून दुसरं गाणं कधी सुरू झालं तेच कळत नाही. याच गटातले काही जण उलटही बोलतात: आमच्याबरोबर तोही मोठा झाला, बरं झालं. हे दोघेही तुलना करतात ती मेयरच्याच जुन्या मालाशी.

2. ब्लूजचा जाणकार. याच्या कानात बी. बी. किंग, बडी गाय, स्टीव्ही रे वॉन मुरलेले. त्याला हा अल्बम फार गुळगुळीत वाटतो. खरखर नाही, घाम नाही, सगळं इस्त्री केलेलं. दुसऱ्यांच्या सोसण्यातून जन्मलेलं संगीत सुखवस्तू घरातला मुलगा छान पॅकिंगमध्ये विकतोय, असा रागही त्यात असतो. एरिक क्लॅप्टनसारख्या गोऱ्या ब्लूज वादकांनाही हा सवाल त्याच्या आधीपासून विचारला गेलाय. त्यामुळे हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याची तुलना मूळ उगमाशी आहे.

3. गिटार शिकणारा. हा सगळ्यात एकनिष्ठ गट. 'ग्रॅव्हिटी' किंवा 'स्लो डान्सिंग इन अ बर्निंग रूम' गिटारवर बसवायला घेणारी मुलं आजही जगभर सापडतात. त्यांना आवडतं ते हे की मेयर कमी सूर वाजवतो, पण प्रत्येक सूर जागच्या जागी. यातलेच काही कुरकुरतात: 'ट्राय!'मध्ये त्याने हात मोकळा सोडला होता, इथे फारच आवरून घेतला. यांची तुलना थेट मैफिलीतल्या वादनाशी.

4. शब्द ऐकणारा. याचा वाद पहिल्याच गाण्याशी, 'वेटिंग ऑन द वर्ल्ड टू चेंज'शी. काळ इराक युद्धाचा. जग बदलण्याची वाट बघत बसलेल्या तरुण पिढीचं हे गाणं. अनेकांना ते आवडलं नाही. वाट कसली बघता, उठा आणि काहीतरी करा, असं त्यांचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, हातात सत्ता नसलेल्या तरुणाला जे वाटतं तेच त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. चालीवरही दोन मतं. काहींना त्यात साठ-सत्तरच्या दशकातल्या कर्टिस मेफील्डची छाया दिसते. कुणी त्याला आदरांजली म्हणतो, कुणी उसनवारी.

5. काम करता करता ऐकणारा. गाडीत, स्वयंपाकघरात, कॅफेत. याला अल्बमचा इतिहास माहीत नाही, माहीत करून घ्यायचाही नाही. त्याचं म्हणणं एवढंच: लावला की बरं वाटतं, कुठे टोचत नाही. मौज म्हणजे दुसऱ्या गटातला जाणकार हेच वाक्य शिवी म्हणून वापरतो. त्याच्या मते, कुठेच टोचत नाही तो ब्लूज कसला?

एकाच गुणाची दोन नावं

आता वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे तक्रारी लिहा, उजवीकडे कौतुक.

डावीकडे: गुळगुळीत. उजवीकडे: सफाईदार.
डावीकडे: संथ. उजवीकडे: निवांत.
डावीकडे: गिटार कमी वाजवली. उजवीकडे: एकही सूर फुकट नाही.
डावीकडे: धड ब्लूज नाही, धड पॉप नाही. उजवीकडे: ब्लूज न ऐकणाऱ्यालाही ब्लूजची गोडी लागली.

दिसलं का? चारही ओळींत डावीकडची आणि उजवीकडची गोष्ट एकच आहे, नाव फक्त वेगळं. समजा मेयरने जाणकारांचं ऐकून आवाजात खरखर आणली असती, तर गाडीत ऐकणारा गेला असता. जुन्या चाहत्यांचं ऐकून लय वाढवली असती, तर गिटार शिकणारा गेला असता. दोघांचं अर्धं अर्धं ऐकलं असतं, तर आपल्या ताईंच्या मसाल्यासारखं झालं असतं.

म्हणून माझं सांगणं आहे की ज्या गुणाची तक्रारही होते आणि कौतुकही होतं, त्याला घाईने हात लावू नका. बहुतेक वेळा तीच तुमच्या मालाची ओळख असते. ज्याची फक्त तक्रारच होते आणि कौतुक कुणीच करत नाही, ते मात्र आजच्या आज दुरुस्त करा.

परीक्षकांनाही हा माल कोणत्या फळीवर ठेवायचा हे सहज ठरवता आलं नसावं. 2007 च्या ग्रॅमीमध्ये 'कंटिन्युअम'ला बक्षीस मिळालं ते पॉप अल्बमचं. पुढे 2009 मध्ये 'ग्रॅव्हिटी'च्या थेट मैफिलीतल्या रूपाला मिळालं ते रॉक गायनाचं. गाणारा तोच, गाणं त्याच अल्बममधलं, फळ्या दोन. वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणूनही 'कंटिन्युअम'ला नामांकन होतं, तो मान मात्र 'डिक्सी चिक्स'ला गेला. दोन फळ्यांच्या मध्ये असणाऱ्या मालाची ही अडचण कायम असते. पण ती जागा रिकामी असते, हा त्याचा फायदाही आहे.

मत वाचताना विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न: बोलणारा कोण? एकदा घेणारा, दरवर्षी घेणारा, की न घेताच बोलणारा? ताईंना मी जुनी बिलं काढायला लावली. कळलं असं की तिखटाची तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी प्रदर्शनात 100 ग्रॅमचं पाकीट घेतलं होतं. जोर नाही म्हणणारं घर दर उन्हाळ्यात दोन किलो न्यायचं. दोन मेसेज मोबाइलवर सारख्याच आकाराचे दिसतात, पण धंद्यात त्यांचं वजन सारखं नसतं.

दुसरा प्रश्न: तो तुलना कशाशी करतोय? तुमच्याच जुन्या मालाशी, शेजारच्या दुकानाशी, की आजीच्या हातच्या चवीशी? आजीशी तुलना करणाऱ्याला तुम्ही कधीच जिंकू शकणार नाही. त्याला मनापासून नमस्कार करा आणि पुढे चला. मेयरची बी. बी. किंगशी तुलना करणारा जाणकारही असाच. त्याचं मत खरं आहे, पण त्यावरून माल बदलता येत नाही. फार तर आपण काय नाही आहोत, हे त्यातून नीट कळतं.

तिसरा प्रश्न: बोलल्यानंतर त्याने केलं काय? तक्रार करून परत घेतो, की गप्प राहून निघून जातो? गिटार शिकणारी मुलं कुरकुर करतात, पण तेच गाणं रोज वाजवतात. अशी कुरकुर म्हणजे मायेची कुरकुर. खरी भीती गप्प बसणाऱ्याची. गावाकडच्या त्या चार घरांपैकी एकाच घराने मेसेज केला होता, बाकीची तीन न बोलताच गेली.

चौथा प्रश्न: ही आवड आहे की दोष? हा फरक फार महत्त्वाचा. संथ गाणं आवडणं-नावडणं ही आवड. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येत असेल तर तो दोष. तिखट-कमी तिखट ही आवड. मसाल्याला खवट वास येणं, पाकिटावर 200 ग्रॅम लिहून 180 भरणं, डिलिव्हरी उशिरा होणं हे दोष. दोषाच्या बाबतीत वरचे तिन्ही प्रश्न विचारत बसायचं नाही. सांगणारा कुणीही असो, माफी मागायची, पैसे परत करायचे आणि कारण शोधायचं. "ही आमची ओळख आहे" असं म्हणून दोष झाकणारे उद्योजक मी बघितलेत. ते फार टिकत नाहीत.

आणि शब्दांबद्दलची चौथ्या गटाची तक्रार कुठे बसवाल? ती आवडही नाही आणि दोषही नाही. तो मतभेद आहे. तुमच्या पाकिटावरचं वाक्य, तुमची जाहिरात, तुमची भूमिका कुणाला तरी पटणार नाही. तेव्हा एकच तपासायचं: आपण म्हणतोय ते आपल्याला स्वतःला पटलंय ना? पटलं असेल तर शांतपणे ऐकून घ्या. पटलं नसेल आणि फक्त विक्रीसाठी लिहिलं असेल, तर समोरच्याचं बरोबर आहे.

मग मेयरने कुणाचं ऐकलं?

माझ्या मते त्याने सगळ्यांचं ऐकलं, पण सगळ्यांना एकाच ताटात वाढलं नाही. डिसेंबर 2007 मध्ये लॉस एंजेलिसला त्याची एक मैफल झाली. पुढच्या वर्षी ती 'व्हेअर द लाइट इज' या नावाने बाहेर आली. या मैफलीचे तीन भाग आहेत. पहिल्यात अकूस्टिक गिटारवरची गाणी, जुन्या चाहत्यांना हवी तशी. दुसऱ्यात ट्रायो, म्हणजे मोकळ्या हाताने वाजवलेला ब्लूज. तिसऱ्यात पूर्ण वाद्यवृंद, ज्यात 'कंटिन्युअम'ची गाणी खुलतात. एकाच संध्याकाळी, एकाच मंचावर तीन काउंटर! अल्बमची चव त्याने पातळ केली नाही. ज्याला जे हवं, त्यासाठी वेगळी जागा केली.

ताईंनीही शेवटी तेच केलं. गावाकडचा मसाला पुन्हा जुन्या प्रमाणावर नेला. पुण्यासाठी कमी तिखटाचा वेगळा मसाला काढला, वेगळ्या रंगाचं लेबल, वेगळं नाव. सुरुवातीला फक्त पाच किलो. गावाकडच्या चार घरांपैकी दोन परत आली. दोन आली नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण गेलेलं सगळं गिऱ्हाईक परत येतं असं कुणी सांगत असेल, तर त्याच्या क्लासला पैसे भरू नका.

एक सावधगिरीची सूचना

हे उदाहरण वाचून कुणी जोशात येऊन उद्याच चालता माल बंद करून "मनातला" माल सुरू करू नका. मेयरच्या मागे दोन गाजलेले अल्बम होते, मोठी कंपनी होती. एखादा अल्बम पडला असता तरी त्याची चूल विझली नसती. तुमच्या-माझ्या डोक्यावर दुकानाचं भाडं आहे, बचत गटाचा हप्ता आहे, मुलांची फी आहे.

म्हणून बदल करण्याआधी एक हिशोब मांडा. समजा तुमचे 60 नियमित ग्राहक आहेत आणि महिन्याचा खर्च भागायला किमान 45 लागतात. म्हणजे बदलाच्या काळात 15 जण गेले तरी तुम्ही तग धराल. सोळावा गेला की खिशातून घालावे लागतील. हा आकडा आधी काढा, कागदावर लिहा आणि घरच्यांना दाखवा. आपल्याला किती नाराजी परवडते, हे माहीत असलेला माणूस एका वाईट मेसेजने रात्रभर जागत नाही.

आणि दुसरं, वेळ द्या. 'कंटिन्युअम' येऊन जवळपास वीस वर्षं होत आली. पहिल्या आठवड्यात तो दुसरा आला होता. पण आज मेयरचं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं विचारलं, तर त्याच्या चाहत्यांपैकी बरेच जण याच अल्बमचं नाव घेतात. सुरुवातीला ज्याला संथ म्हटलं गेलं, तेच पुन्हा पुन्हा ऐकताना सोबतीला राहिलं. नव्या चवीला जीभ सरावायला वेळ लागतो. पहिल्या दहा मतांवर निकाल लावू नका, दुसऱ्यांदा कोण परत आलं ते मोजा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक, गेल्या सहा महिन्यांत ग्राहकांनी तोंडी किंवा मेसेजवर दिलेली वीस मतं वहीत उतरवा. गोड आणि कडू, दोन्ही.

दोन, प्रत्येक मतासमोर चार प्रश्नांची उत्तरं लिहा: कोण, कशाशी तुलना, नंतर काय केलं, आवड की दोष.

तीन, दोषांना लाल गोल करा. ते याच आठवड्यात निस्तरायचे.

चार, ज्या गुणाचं नाव तक्रारीतही आहे आणि कौतुकातही, त्याखाली दोन रेघा मारा. तिथे तुमच्या मालाची ओळख लपलेली असण्याची शक्यता जास्त.

पाच, किती ग्राहक गेले तरी चालेल, तो आकडा काढा.

आणि जमलं तर एखाद्या निवांत संध्याकाळी 'ग्रॅव्हिटी' एकदा ऐका. आवडलं तर उत्तम. नाही आवडलं तर आपण त्याची तुलना कशाशी करतोय, हा प्रश्न स्वतःला विचारा. लताबाईंशी? अजय-अतुलच्या ढोल-ताशांशी? ते उत्तर मिळालं की तुमच्या मालाला नावं ठेवणाऱ्या ग्राहकाच्या मनात काय चाललेलं असतं, तेही थोडं कळेल.

वहीतल्या दोन रेघांखाली कोणता शब्द आला, ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच काही शब्दांवर बोलू.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा सांभाळा, तब्येतही सांभाळा!